गाठीला हत्यार लागू नये म्हणून

मामाला ब्रेन ट्यूमर आहे हे कळलं त्या संध्याकाळी घरात सगळ्यात आधी बोलली ती आजी. "गाठीला हत्यार लावू देऊ नका, हत्यार लागलं की गाठ चिडते." आजी चौथी शिकलेली, पण हे काही तिचं एकटीचं मत नव्हतं, पुढच्या आठवड्यात बँकेतल्या एका साहेबांनी, शेजारच्या रिटायर्ड मास्तरांनी आणि चक्क मेडिकलवाल्याने पण वेगवेगळ्या शब्दांत तेच ऐकवलं, बायोप्सी केली, म्हणजे तपासायला गाठीचा तुकडा काढला, की कॅन्सर पसरतो. चौथ्या दिवशी मावसभावाचा फॉरवर्ड आला की आता ब्रेन ट्यूमरची टेस्ट नुसत्या रक्तावर होते, कवटी उघडायची गरजच नाही. मामीने फोन माझ्या हातात दिला. "तू इंजिनियर ना रे, बघ काय लिहिलंय ते. आपण हेच करून घेऊ."

मी इंजिनियर आहे तो पाणीपुरवठ्याचा. पण त्या रात्रीपासून आज तीन वर्षं झाली, लिक्विड बायोप्सीबद्दल, म्हणजे गाठीचा माग रक्तातून काढायच्या या टेस्टबद्दल, जे हाती लागेल ते वाचतोय, कळत नाही ते ओळखीच्या डॉक्टरांना विचारून त्यांना वैताग आणतोय, आणि त्यातनं माझं एक मत बनलंय ते आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढे वाचायचं का नाही ते तुम्ही ठरवा. ज्याच्या डोक्यात गाठ आहे हे माहीत आहे किंवा स्कॅनमध्ये काहीतरी दिसलंय, त्याच्यासाठी ही टेस्ट आहे, आणि सरकारी पैसा, डॉक्टरांचा वेळ, सगळा तिकडे लागला पाहिजे. ज्याला काहीच होत नाहीये अशा धडधाकट माणसाला ती हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये घालून विकायला बंदी असावी. हो, बंदी.

आधी ही भानगड काय आहे ते बघू. शरीरातल्या पेशी मरत असतात, मरताना त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात सांडतात, एकेक तुकडा साधारण १६७ अक्षरांचा. हे रक्तात असतं हे १९४८ पासून माहीत आहे. १९९७ मध्ये गरोदर बाईच्या रक्तात पोटातल्या बाळाचा डीएनए सापडला आणि त्यातूनच आज डॉक्टर गरोदरपणात सांगतात ती, बाळाच्या गुणसूत्रांत दोष आहे का बघणारी एनआयपीटी टेस्ट आली. कॅन्सरच्या पेशीही असाच डीएनए सांडतात, फक्त त्यात त्या गाठीचे खास बिघाड असतात, ते ओळखता आले की गाठीला हात न लावता गाठीची माहिती. आणि हे तुकडे रक्तात काही तासच टिकतात, म्हणजे जे सापडतं ते आत्ताचं, ताजं. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये हे आता नेहमीचं झालंय, औषधं आणि टेस्टना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने ईजीएफआर या जीनमधला बिघाड रक्तातून शोधायच्या टेस्टला २०१६ मध्येच मान्यता दिली.

मग मेंदूचं का अडतंय? कारण मेंदूला कायमची नाकाबंदी आहे. रक्तातलं वाटेल ते मेंदूत जाऊ नये म्हणून निसर्गाने ब्लड-ब्रेन बॅरियर ठेवलाय, आणि तो आतलंही सहज बाहेर सोडत नाही. जॉन्स हॉपकिन्सच्या चेतन बेट्टेगौडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१४ चा पेपर या विषयातला मैलाचा दगड मानतात. त्यात स्वादुपिंड, आतडं, अंडाशय वगैरेंच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये ७५ टक्क्यांहून जास्त पेशंटांच्या रक्तात गाठीचा डीएनए सापडला, आणि ग्लायोमा म्हणजे मेंदूच्याच पेशींपासून होणाऱ्या ट्यूमरमध्ये १० टक्क्यांपेक्षाही कमी जणांत. दहाही जणांच्या डोक्यात गाठ आहे आणि नऊ जणांचं रक्त म्हणतंय काही नाही.

हे आमच्या धंद्यातल्या माणसाला चटकन कळतं. गावाला पाणी सोडलं की शेवटच्या नळाला ओटी टेस्ट करतात, पाण्यात दोन थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन पोचलंय. पिवळं झालं तर प्रश्न मिटला. नाही झालं तर मात्र त्याचे चार अर्थ होतात, टाकीत पावडर टाकलीच नाही, टाकली पण वाटेत संपली, नमुना चुकीच्या वेळी घेतला, नाहीतर ओटीची बाटलीच जुनी आहे. आमच्याकडे नवीन लागलेला पोरगासुद्धा नुसत्या एका नमुन्यावरून "टाकीत क्लोरीन नाही" असं लिहून देत नाही. मेंदूच्या बाबतीत रक्त म्हणजे तो शेवटचा नळ. सापडलं तर सोनं. नाही सापडलं तर त्यावरून काहीही ठरत नाही.

शेवटचा नळ सोडून टाकीजवळ जायचं तर मेंदूभोवतीचं पाणी आहे, सीएसएफ. ते असतंच एकूण दीडशे मिली, दोन कटिंगच्या आतबाहेर, त्यामुळे गाठीचा डीएनए तिथे रक्तासारखा विरघळून हरवत नाही. त्याच हॉपकिन्सच्या गटाने २०१५ मध्ये मेंदू आणि मणक्याच्या ट्यूमरच्या ३५ पेशंटांचं हे पाणी तपासलं, ७४ टक्क्यांत गाठीचा डीएनए मिळाला. त्यातली मजा पुढे आहे, जोरात वाढणाऱ्या ज्या गाठी त्या पाण्याला टेकलेल्या होत्या त्या २१ च्या २१ सापडल्या आणि ज्या आत खोल, पाण्यापासून लांब होत्या त्यातली एकही नाही. नंतर २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधून ग्लायोमाच्या ८५ पेशंटांचा अभ्यास आला, त्यात ४२ जणांच्या पाण्यात सापडला. निम्मे. एवढ्या जवळ जाऊनही निम्मे.

आणि आपल्याकडे पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं की अर्धं खानदान हॉस्पिटलच्या बाहेर उभं राहून नको म्हणतं. मणक्यातलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो ही समजूत मी सुशिक्षित घरांमध्ये ऐकलीय. सुई जिथे टोचतात त्याच्या बरीच वर मज्जारज्जू संपलेली असते त्यामुळे लुळं पडायचं कारण नाही, काही दिवस डोकं ठणकू शकतं, बहुतेक वेळा एवढंच. खरा धोका वेगळाच आहे आणि तो कोणी बोलत नाही, डोक्यातलं प्रेशर गाठीमुळे वाढलेलं असेल आणि खालून पाणी काढलं तर मेंदू खाली सरकून जिवावर बेतू शकतं, म्हणून आधी स्कॅन बघून मगच डॉक्टर सुई हातात घेतात, आणि मोठी गाठ असेल तर घेतही नाहीत. म्हणजे ज्यांना हवी त्यातल्या बऱ्याच जणांना हाही रस्ता बंद.

आता आजीच्या मुद्द्याकडे येतो, कारण ही टेस्ट लोकांना आवडते ती त्या भीतीमुळेच. मामाचं हार्डवेअरचं दुकान कराडला. तीस वर्षं ज्या माणसाने डोळे मिटून खिळ्याची साइज सांगितली तो एका सकाळी गिऱ्हाइकासमोर बिजागरी हा शब्द विसरला. "ते... दाराचं ते" म्हणत हात हलवत राहिला, गिऱ्हाईक हसलं, तोही हसला, पण दुपारी कडी पण आठवेना. गाठ डाव्या बाजूला, भाषेच्या शेजारी, लिंबाएवढी, आणि भोवती सूज. अशा माणसाच्या रक्तातून समजा अचूक कळलं असतं की ही ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे ग्लायोमातली सगळ्यात जोरात वाढणारी गाठ आहे, तरी ऑपरेशन टळलं असतं का? नाही. ते नुसतं नाव कळायला करत नाहीत हो, गाठ जेवढी निघेल तेवढी काढणं हाच उपचाराचा पहिला भाग आहे, आतलं प्रेशर त्यानेच उतरतं. शिवाय २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात नुसतं सूक्ष्मदर्शकाखाली बघून भागत नाही, आयडीएच हा जीन बदललाय का, १पी-१९क्यू हे गुणसूत्रांचे तुकडे गेलेत का, टर्ट, ईजीएफआर या जीनचं काय, सगळं लागतं, आणि हे सगळं खात्रीने मिळतं ते काढलेल्या तुकड्यातूनच. आयडीएच बदललेल्या, संथ वाढणाऱ्या ग्लायोमांसाठी व्होरासिडेनिब हे औषध एफडीएने २०२४ मध्ये मान्य केलं, ते कोणाला द्यायचं हेही त्या तुकड्यावरच ठरतं. हत्यार लागलं म्हणून गाठ चिडत नाही, ती मुळातच चिडकी असते, आणि ऑपरेशन लांबवलं की नुकसान आपलंच.

पण काही पेशंट असे आहेत की तिथे आजी बरोबर ठरते. मेंदूच्या देठातल्या गाठी, विशेषतः लहान मुलांच्या, तिथे सुई नेणंच जोखमीचं. मेंदूचा लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, यात गाठ कापून काढण्याचा फायदा नसतो, औषधाने विरघळते, त्यातून आधीच कोणी स्टिरॉइड चालू केलेलं असेल तर बायोप्सीत बऱ्याचदा काहीच हाती लागत नाही, आणि अशा वेळी पाठीतल्या पाण्यात एमवायडी८८ हा ठरावीक बिघाड मिळाला तर केवढी सोय. आणि तिसरा गट खास आपला आहे. एमआरआयवर अंगठीसारखी कडा चमकणारी गाठ अमेरिकेत दिसली तर डॉक्टरच्या डोक्यात आधी ट्यूमर येतो, आपल्याकडे टीबीची गाठ, फीतकृमीची गाठ, पूची गाठ, सगळ्या तशाच दिसू शकतात. मग कित्येकदा एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, चालू करून वाट बघतात, दोन-तीन महिने जातात, आणि ती ट्यूमर असेल तर तेवढे महिने तिला आंदण. इथे रक्ताची एखादी टेस्ट खात्रीने "ही ट्यूमरच" म्हणू शकली तर मी स्वतः तिच्या पाया पडेन. पण त्यासाठी ती टेस्ट टीबीच्या गाठी असलेल्या भरपूर पेशंटांवर तपासलेली पाहिजे, लंडनच्या पेशंटांवरचे आकडे घेऊन सोलापुरात चालणार नाही.

लंडन म्हटलं ते उगाच नाही. मावसभावाचा तो फॉरवर्ड नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सच्या त्रिनेत्र-ग्लिओ टेस्टबद्दल होता. ही टेस्ट डीएनएऐवजी रक्तात फिरणाऱ्या गाठीच्या पेशी शोधते आणि तिचं काम इंग्लंडमधल्या डॉक्टरांबरोबर झालंय, नाशिकच्या लॅबने हे करणं याचा मला अभिमानच आहे. जानेवारी २०२३ मध्ये एफडीएने तिला ब्रेकथ्रू डिव्हाइस हा दर्जा दिला. आमच्या फॅमिली ग्रुपवर त्याचं "अमेरिकेने मान्यता दिली" झालं. तसं नाहीये. ब्रेकथ्रू म्हणजे कल्पना आशादायक आहे, गरज मोठी आहे, चला तुमची फाइल जरा लवकर बघू, एवढंच, मान्यता ही त्यापुढची वेगळी पायरी. आणि ती टेस्टसुद्धा मेंदूत गाठ असल्याची शंका आलेल्या आणि बायोप्सी अवघड असलेल्या लोकांसाठी मांडलेली आहे, सोसायटीच्या हॉलमधल्या कॅम्पसाठी नाही. कंपनीने एक म्हणायचं आणि फॉरवर्डने दुसरं ऐकायचं हे आपल्याकडे नेहमीचं.

कॅम्पवरून आठवलं. मागच्या वर्षी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका लॅबची जाहिरात पडली, नाव सांगत नाही, "एका रक्ताच्या नमुन्यात अनेक कॅन्सर, मेंदूसकट", दिवाळी ऑफर, जोडीने घेतलं तर सूट. साडी घेतो तसं. बावीस जणांनी नावं दिली. मी खाली लिहिलं की बाबांनो जरा हिशोब करा, तर एकाने अंगठा उलटा दाखवला आणि एक काका म्हणाले पैसे आमचे, रक्त आमचं, तुझं काय जातंय?

हिशोब असा. ब्रेन ट्यूमर वर्षाला लाखात साधारण पाच जणांना होतो असं धरा. टेस्ट ९९ टक्के अचूक धरा, म्हणजे निरोगी शंभरातल्या एकालाच ती चुकून पॉझिटिव्ह म्हणणार, आणि खऱ्या पाचही जणांना पकडणार, जे वरचे आकडे बघता फारच उदार मन झालं. एक लाख धडधाकट लोकांची टेस्ट केली तर पॉझिटिव्ह येणार साधारण एक हजार पाच. त्यातले खरे पाच. उरलेले हजार लोक त्या रात्री झोपणार नाहीत, सगळे एमआरआयला पळणार. आणि एमआरआय करून तरी सुटतील का? रॉटरडॅममध्ये २००० सर्वसामान्य प्रौढांचे मेंदूचे एमआरआय काढले होते, २००७ मध्ये छापून आलंय, त्यात १.६ टक्के लोकांना साध्या, बिनकॅन्सरच्या गाठी निघाल्या आणि १.८ टक्क्यांना रक्तवाहिनीला फुगा. त्यांना त्याचा काही त्रास नव्हता. आपल्या हजारात तशा सोळा गाठी आणि अठरा फुगे निघणार, आणि त्या चौतीस जणांना पुढची वीस वर्षं दरवर्षी प्लेट काढत आणि डोकं दुखलं की घाबरत काढायची. शिवाय वय झालं की रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्येच डीएनएचे असे बिघाड आपोआप साठतात, टीपी५३ या जीनमध्ये, कधी आयडीएचमध्ये पण, त्यांना टेस्ट गाठीचे समजली तर अजून गोंधळ.

काकांना उत्तर हे आहे की पैसे तुमचे पण एमआरआयची लाइन सगळ्यांची. पैसेवाला प्रायव्हेटला एकदा काढेल, दुसऱ्यांदा काढेल, मग ओळख काढून सरकारी हॉस्पिटलला येईल, आणि तिथे पायऱ्यांवर डबा घेऊन बसलेला जो खरा पेशंट आहे त्याची तारीख पुढे जाईल. आणि उलट बाजूने, ज्या बावीस जणांचे रिपोर्ट नॉर्मल आले (सगळ्यांचे आले) त्यातल्या कोणाला उद्या रोज सकाळी डोकं दुखून उलटी व्हायला लागली तर तो म्हणणार माझी मेंदूची टेस्ट झालीय, ॲसिडिटी असेल. मला याचीच जास्त भीती वाटते.

कायदा काय करतो? टेस्टचं किट बनवून विकायचं तर २०१७ च्या मेडिकल डिव्हाइसेस रूल्सखाली यावं लागतं. लॅबने स्वतःच्याच चार भिंतीत बसवलेल्या टेस्टचं काय हे आपल्याकडे धूसर आहे, लॅबचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएलचं प्रमाणपत्र तर ऐच्छिकच. अमेरिकेत एफडीएने मे २०२४ मध्ये अशा टेस्टवर नियम आणला तो टेक्सासच्या कोर्टाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला, म्हणजे तिकडेही आनंदच आहे. त्यामुळे बाहेरच्यांची वाट न बघता आपण दोन साध्या गोष्टी करू शकतो. लक्षणं नसलेल्या माणसाला मेंदूच्या ट्यूमरची रक्तटेस्ट जाहिरात करून विकायची नाही. आणि ज्याला डॉक्टरच्या चिठ्ठीवर करायची त्याच्या रिपोर्टच्या पहिल्या ओळीत, मराठीत, जाड अक्षरात छापायचं, की निगेटिव्ह आलं म्हणजे गाठ नाही असं नव्हे. सिगरेटच्या पाकिटावर छापता येतं तर इथे काय अवघड आहे.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. मामाचं ऑपरेशन मुंबईत झालं, मग सहा आठवडे तीस लाईट म्हणजे रेडिएशन आणि रोज टेमोझोलोमाइडची कॅप्सूल. २००५ पासून जगभर हाच उपचार आहे, आणि ज्या अभ्यासाने तो ठरला त्यात या औषधाने मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट जितके महिने काढतात ते) १२.१ महिन्यांवरून १४.६ वर नेलं, अडीच महिने, त्यावर सगळं जग उभं आहे. लाईट संपून महिन्याने पहिला एमआरआय. मामीने प्लेट ट्यूबलाइटसमोर धरली, आधीची दुसऱ्या हातात, आणि आम्हा सगळ्यांना नुसत्या डोळ्याने दिसलं की पांढरा डाग मोठा झालाय. ओपीडीत तरुण डॉक्टरीण बाईंनी दोन्ही प्लेटा बघितल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मावशी, हे खरंच वाढलंय की रेडिएशनची सूज आहे ते आज यावरून सांगता येत नाही. आठ आठवडे थांबू, परत काढू."

मामी म्हणाली, "मग आठ आठवडे आम्ही काय समजायचं?"

बाईंकडे उत्तर नव्हतं, आणि ती त्यांची चूक नव्हती. याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात, खोटी वाढ, लाईटनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत हे बऱ्याच पेशंटांत दिसतं आणि एमआरआय तिथे चाचपडतो. खरी वाढ समजून औषध बदललं तर चालू असलेला चांगला उपचार बंद, खोटी समजून थांबलं आणि खरी निघाली तर वेळ गेला, परत कवटी उघडून बघायचं तर माणूस आधीच अर्धा झालेला. लिक्विड बायोप्सीची खरी जागा ही आहे. इथे गाठीचा तुकडा आधीच मिळालेला असतो, तिचे बिघाड कुठले ते फाइलमध्ये लिहिलेले असतात, त्यामुळे अंधारात सगळं गाव धुंडाळायचं नसतं, पत्ता माहीत असलेल्या घराची कडी वाजवायची असते. ग्लायोब्लास्टोमात बहुतेकांच्या टर्ट जीनच्या प्रमोटरमध्ये ठरलेल्या दोन जागांपैकी एका जागी बदल असतो, तेवढाच शोधायचा, महिन्याला शोधायचा, चढतोय का उतरतोय बघायचं. एका नमुन्यावर भरवसा ठेवता येत नाही पण त्याच नळाचे लागोपाठ सहा नमुने असले तर कल कळतो, आमच्याकडेही असंच करतात. आज हे पक्कं झालंय का? नाही, अजून रोजच्या उपचारात यायला वेळ आहे, लाईटने मेलेल्या पेशीही डीएनए सांडतात तो गुंता आहे, रक्तात कमी सापडतं हा मूळ आजार आहेच, त्यावर कोणी तुकड्यांची लांबी मोजतंय, कोणी मिथायलेशनचे, म्हणजे डीएनएवरच्या रासायनिक खुणांचे, ठसे वाचतंय, कोणी अल्ट्रासाउंडने ती नाकाबंदी काही तासांपुरती उघडून रक्तात जास्त डीएनए येतोय का बघतंय. पण निदान प्रश्न बरोबर आहे.

आणि या कामाला लागतात ते पेशंट आपल्याकडे आहेत, परळच्या टाटामध्ये, टाटाच्याच खारघरच्या ॲक्ट्रेक या संशोधन केंद्रात, आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड या हॉस्पिटलांच्या जाळ्यात तर २०१२ पासून जोडली गेलेली ३०० च्या वर हॉस्पिटलं आहेत. माझं मागणं छोटं आहे. ग्लायोमाचा पेशंट फॉलोअपच्या एमआरआयला येईल तेव्हा, कॉन्ट्रास्टसाठी सुई लावलेलीच असते, त्याच सुईतून त्याच्या संमतीने दोन नळ्या रक्त जास्त घ्यावं, दोन-चार तासांत प्लाझ्मा वेगळा करून उणे ऐंशीवर ठेवून द्यावा, आणि प्लेटबरोबर त्याचा नंबर जोडावा. नंतर कोणाचं खरं वाढलं, कोणाचं खोटं, हे कळतंच. मग एखादी टेस्ट आली, नाशिकची असो नाहीतर बोस्टनची, की म्हणायचं ये, या नळ्यांवर तुझं खरं-खोटं करून दाखव. जाहिरातीवर भांडण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

मामाची ती वाढ खोटी निघाली. आठ आठवड्यांनी डाग लहान झाला, मामाने त्या दिवशी हॉस्पिटलसमोर तीन वडापाव खाल्ले. पुढे अकरा महिन्यांनी परत डाग वाढला, परत "थांबू, बघू" झालं, तेव्हा मात्र ती खरी होती आणि त्यातले सात आठवडे आम्ही खोटी आहे असं समजून काढले. त्याच्या नऊ एमआरआयच्या प्लेटा मामीने कराडला माळ्यावर ट्रंकेत ठेवल्यात, एकेका पाकिटावर तारीख टाकून. मध्यंतरी गेलो तेव्हा तिने विचारलं, या कोणाला उपयोगाच्या आहेत का रे, नाहीतर रद्दीवाला घेत नाही म्हणतो. मी म्हटलं ठेव. रक्ताची नळी मात्र एकही कुठे नाही.